‘मोफत हाड तपासणी’: आमचे ६४,२३० रुपये आणि हिचे दोन मणके

आधी आकडा सांगतो. ३१,००० अधिक ४,२५० अधिक २७,८०० अधिक १,१८०. एकूण ६४,२३० रुपये. यातला एक रुपया परत आलेला नाही, आणि येईल असं मला आता वाटतही नाही. हिच्या पाठीचे दोन मणके बसले, त्याची तर कुठे पावतीही नाही.

असली शिबिरं कशी चालतात हे मी नव्याने सांगायला नको. सोसायटीचा हॉल, रविवारची सकाळ, गेटवर फ्लेक्स, पांढरे कोट, चहा-बिस्किटं आणि शेवटी ‘आजच नाव नोंदवलं तर सवलत’. तुम्हाला माहीत आहे तसं मलाही माहीत होतं. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅशच्या खिडकीत. म्हातारा होता म्हणून फसला, असं कोणी म्हणणार असेल तर त्याने पुढचं नीट वाचावं.

हिचं वय ६६. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत पॅसेजमध्ये घसरून नुसती बसली, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडतं म्हणजे मामला वेगळा आहे, म्हणून ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, करायला लावला. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत आपलं हाड किती ते सांगणारा आकडा) उणे ३.१, खुब्याचा उणे २.६. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. आठवड्याला एक घ्यायची ती गोळी देऊन पाहिली. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हिला आधीच पित्ताचा त्रास, तो इतका वाढला की गोळी बंद करावी लागली. मग डेनोसुमॅब हे हाडांची झीज रोखणारं औषध लावलं, दर सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली एक सुई. जोडीला कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोज चालणं, बाथरूममध्ये धरायला दांडा आणि फरशीवर रबरी चटई. गाडी रुळावर होती. दोन सुया झाल्या होत्या, तिसरी श्रावणात होती.

शिबिर लागलं आषाढात.

टेबलावरच्या पोरीने पहिलं काय विचारलं असेल? ‘काका, आधीचा रिपोर्ट आहे का घरी?’ मला कौतुक वाटलं, की बघा, जुने कागद बघून तपासतात. मी वर जाऊन डेक्साचा रिपोर्ट घेऊन आलो. तिने उणे ३.१ वाचलं. मग हिची टाच जेल लावून एका डब्यात ठेवली, दोन-तीन मिनिटांत चिठ्ठी बाहेर आली, लाल अक्षरात उणे ३.८. म्हणजे इतक्या महागड्या सुया घेऊनही हाड आणखी ठिसूळ झालं, असाच कोणीही अर्थ लावेल. मीही लावला.

टाचेचं ते यंत्र अल्ट्रासाउंडचं असतं. त्याचा आकडा आणि डेक्साचा आकडा शेजारी ठेवून तुलना करताच येत नाही. ऑस्टिओपोरोसिसचं निदान त्या उणे २.५ च्या मापाने करायचं तर ते खुब्याच्या आणि मणक्यांच्या डेक्सावर करतात. औषध लागू पडतंय का हेही टाचेवरून ठरत नाही. हे मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ता कळतंय, तेव्हा लक्षात ठेवा. आणि आपला जुना रिपोर्ट असल्या टेबलावर कधीही नेऊ नका, त्यांना कुठला आकडा छापायचा ते आपणच सांगून बसतो. त्या दिवशी मी उणे २.९ निघालो, तिसऱ्या मजल्यावरचा जिमला जाणारा चाळिशीतला मुलगा उणे ३. अख्खी बिल्डिंग ठिसूळ!

मग ते पांढऱ्या कोटातले गृहस्थ. कोटावर नाव होतं, नोंदणी क्रमांक नव्हता. बोलणं मात्र असं की समोरच्याने मान डोलवावी. ‘आजी, ह्या सुया हाड गोठवतात, जबड्याचं हाड सडतं. कंपनीच्या कागदावरच लिहिलंय, घरी जाऊन वाचा.’ मी वाचलं, आणि खरंच लिहिलेलं होतं. तो त्रास फार क्वचित होतो, त्यासाठीच सुरू करण्याआधी दात दाखवून घ्यायला सांगतात, आणि आमच्या डॉक्टरांनी ते सांगितलंही होतं. पण खऱ्याची चिमूट टाकून खोटं विकलं की ते खपतं. निव्वळ थाप असती तर मी तिथेच उठलो असतो.

‘अहो, डॉक्टरांना एक फोन करू या का?’ ही म्हणाली. मी म्हटलं, रविवारी सकाळी त्यांना कशाला त्रास द्यायचा. आता कोणी म्हणेल, करायचा होता. सांगणाऱ्याने एकदा रविवारी डॉक्टरला फोन लावून बघावा.

आता तो क्षण, ज्याच्यावरून मला आजही रात्री जाग येते. पैसे भरायला क्यूआर कोड पुढे आला. फ्लेक्सवर कसलंसं अस्थी संशोधन केंद्र. मी स्कॅन केलं, तर स्क्रीनवर नाव आलं एका मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं. मी वाचलं, चष्मा नीट करून पुन्हा वाचलं. मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान माझ्या बायकोच्या हाडांचे पैसे घेतंय! मी विचारलंही. पोरगी हसून म्हणाली, ‘काका, ते आमचं कलेक्शन अकाउंट आहे. मेन अकाउंटची आजची लिमिट संपलीय.’ आणि चेकवरचं नाव नि खात्यावरचं नाव जुळलं नाही म्हणून जन्मभर भल्याभल्यांचे चेक परत पाठवणाऱ्या मी पिन टाकला. त्यांच्या कॅप्सूल-पावडरच्या कोर्सच्या पहिल्या टप्प्याचे ३१,००० रुपये. मागे रांग होती, ही टाचेचं जेल पुसत बसली होती, शेजारचे ‘उरका हो’ म्हणत होते, आणि डोळ्यांपुढे ते लाल उणे ३.८ नाचत होतं. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून अक्कल चालवणं सोपं असतं. बाहेरच्या बाजूला, आपल्या माणसाचा रिपोर्ट हातात घेऊन उभं राहिलं की कळतं.

स्कॅन केल्यावर येणारं नाव आणि बोर्डावरचं नाव एक नसेल तर फोन खिशात घाला. रांग गेली खड्ड्यात.

आठवडाभरात ‘शुद्धी किट’ आलं, ४,२५०. त्याशिवाय म्हणे औषध अंगी लागत नाही. श्रावणात सुईची तारीख आली, तर त्यांचा फोन: ‘आता सुई घेतलीत तर सगळा कोर्स वाया.’ सुई राहिली. गणपतीत दुसरा टप्पा, ‘भरण’, २७,८००. ही कॅप्सूल घेत राहिली, पावडर दुधातून पीत राहिली. तोंडाची चव गेली म्हणायची, तर ‘म्हणजे गुण येतोय’ असं उत्तर यायचं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी पूजा आवरताना चौरंग सरकवायला वाकली आणि तशीच खाली बसली. एमआरआयमध्ये दोन मणके दबलेले निघाले, पाठीचा बारावा आणि कंबरेचा पहिला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं?’ दहा महिने उलटून गेले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. आम्हाला ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं.

घरात कोणालाही डेनोसुमॅब चालू असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. ही सुई मनाने सोडायची नसते. तारीख चुकली की त्याचा असर झपाट्याने उतरतो, हाडाची झीज उसळून येते आणि मणके मोडू शकतात, कधी एकापाठोपाठ एक. बंद करायचीच असेल तर डॉक्टर त्याजागी दुसरं औषध लावून मगच बंद करतात. सुरुवातीला डॉक्टरांनी हे सांगितलं होतं का? त्यांच्या मते सांगितलं होतं. मला आठवतं ते एवढंच की ‘तारीख चुकवू नका’. तारीख चुकवू नका तर वीजबिलावरही लिहिलेलं असतं. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून दिलं असतं तर त्या पांढऱ्या कोटापुढे मला काहीतरी बोलता आलं असतं.

पुन्हा तीच सुई सुरू आहे. पाठीला पट्टा आहे. दवाखान्यात उंची मोजली, १५३ सेंटीमीटरची ही १५० भरली. मांडणीवरचा पोह्यांचा डबा आता मलाच काढून द्यावा लागतो.

मग मी डबे तपासायला बसलो. लेबलाचा कोपरा नखाने उचकटला, तर खाली दुसरं लेबल, शतावरी कल्पाचं! बॅच नंबर वरच्यावर वेगळा, खालच्यावर वेगळा, आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक फक्त खालच्यावर. पावतीवरचा जीएसटी क्रमांक मोजला, चौदा अक्षरं. तो पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. पावतीवरचा पत्ता शोधत भाच्याला पाठवलं, त्या प्लॉटवर गॅरेज निघालं.

पोलीस ठाण्यात गेलो. ‘पैसे तुम्हीच दिलेत ना? माल मिळाला ना? मग फसवणूक कुठली, हे सिव्हिल मॅटर आहे.’ माल काय मिळाला ते बघा तरी, म्हणून डबा टेबलावर ठेवला, तर ‘काका, हे औषध खात्याचं काम.’ औषधांच्या सरकारी कार्यालयात गेलो, तर तिथे ‘सील फुटलेला नमुना चालत नाही.’ अहो, सील फोडल्याशिवाय खायचं कसं? आणि खाल्ल्याशिवाय फसलो हे कळायचं कसं? डॉक्टर बोगस आहे म्हणून आणखी एका दारात गेलो, तिथे त्याचा नोंदणी क्रमांक मागितला. नोंदणी नाही हीच तर तक्रार! एका हेल्पलाइनवर तक्रार घेतली, नंबर दिला, आणि काही दिवसांनी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ काय निकाल लागला ते त्यांनाच ठाऊक. माझ्या स्वतःच्या बँकेने, जिथे माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आज साहेब आहेत, सांगितलं की व्यवहार तुमच्या पिनने झाला, आम्ही काही करू शकत नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मीही खिडकीतून लोकांना हेच सांगत आलो, म्हणून काय ते ऐकून घ्यायचं?

आणि आमचे सोसायटीचे सेक्रेटरी. १,५०० रुपये भाड्याने हॉल दिला, फ्लेक्सवर ‘सौजन्य’ म्हणून सोसायटीचं नाव छापू दिलं, आणि आता म्हणतात ‘आम्ही फक्त जागा दिली.’ शिबिर घेणाऱ्याचं ओळखपत्र, पत्ता, डॉक्टरची नोंदणी यातलं एकही कागद त्यांच्याकडे नाही. भाडेकरू ठेवताना मात्र पोलीस पडताळणीशिवाय चावी देत नाहीत.

शेवटचे १,१८० कसे गेले ते सांगायला जास्त लाज वाटते, पण सांगतो. तक्रारी केल्यावर एकाचा फोन आला, ‘ग्राहक विभागातून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, प्रोसेसिंगचे हजार आणि १८ टक्के जीएसटी.’ माझा तक्रार क्रमांक त्याला तोंडपाठ होता. तो कुठून मिळाला याचं उत्तर मला कोणीही दिलेलं नाही. परतावा द्यायला कोणी आधी पैसे मागितले की फोन ठेवा.

ज्यांची लढायची तयारी आहे त्यांच्यासाठी: पोलीस तोंडी घालवत असतील तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहा, आणि नोंद केली नाही तर तोच अर्ज वरिष्ठांना स्पीड पोस्टने पाठवा. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आपण भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. डबे, लेबलं, मेसेज, यूपीआयचे स्क्रीनशॉट काही फेकू नका. मी शुद्धी किटचे डबे रद्दीवाल्याला दिले, त्यामुळे ४,२५० चा पुरावा नाही. आणि कॅल्शियमसाठी कोणाच्या भस्माला हजारो रुपये मोजू नका. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, दूध-दही आहे, आणि कमी पडेल तेवढं डॉक्टर साध्या गोळीतून भरून काढतात.

मी आयोगाचा अर्ज तयार केलाय. सगळ्यांचा मिळून एकत्र केला तर वजन पडेल, कायद्यात तशी सोय आहे. पण आमच्या बिल्डिंगमधल्या पैसे भरलेल्यांपैकी एकाला सुनेला कळू द्यायचं नाही, दुसऱ्याला ‘गुण येतोय’ असं अजून वाटतंय, आणि तिसऱ्या मजल्यावरचा तो जिमवाला मुलगा लिफ्टमध्ये माझी नजर चुकवतो. खाली सहीसाठी सात ओळी आखल्यात. पहिल्या ओळीत माझी सही आहे, दुसरीत हिची. बाकीच्यांना शनिवारपर्यंत मुदत दिली आहे. सोमवारी मी तो दाखल करणार, कोणी आलं तरी आणि नाही आलं तरी.