जर्मनीतलं विद्यापीठ शोधायला डीएएडीचं संकेतस्थळ: चांगलं, पण डोळे उघडे ठेवून

रत्नागिरी-चिपळूणकडच्या मुलांनी एजंटाच्या दारात जाण्याआधी डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचं हे संकेतस्थळ वापरावंच. मोफत आहे. इंग्रजी माध्यमाचे मास्टर्सचे कोर्स विषय आणि फीनुसार गाळता येतात. फीची ओळ नीट वाचा: बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, तरी दर सेमिस्टरला वेगळी वर्गणी भरावी लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्याकडून दर सेमिस्टरला 1500 युरो शिकवणी शुल्क घेतात.

खरी मेख प्रवेशाच्या अटींत आहे. 'गणितात अमुक इसीटीएस' (म्हणजे युरोपीय पद्धतीचे क्रेडिट) असं लिहिलेलं असतं, आणि टक्केवारी उत्तम असूनही अर्ज तिथंच पडतो. म्हणून मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकांसोबत सगळ्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम घेऊन विषयवार ताळा करा. हे काम एजंट क्वचितच मनापासून करतो.

इथली अंतिम तारीख अखेरची मानू नका, विद्यापीठाच्या पानावर पडताळा. युनि-असिस्टमार्फत (विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) अर्ज असेल तर पहिल्याला 75 युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला 30. एपीएस प्रमाणपत्राला (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) वेळ लागतो, ते आधी मागवा.

शोधासाठी पाचपैकी चार. निवड मात्र तुमचीच.