ग्रिड बदलताना येणारी अवैध मूल्ये: बायलिनिअर, कॉन्झर्व्हेटिव्ह की निअरेस्ट नेबर?

समुद्रपृष्ठाच्या तापमानाचा डेटा एका ग्रिडवरून (अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंच्या जाळीवरून) दुसऱ्या ग्रिडवर नेल्यावर किनाऱ्यालगत नॅन ('संख्या नाही' अशी खूण) किंवा अशक्य आकडे दिसू लागले, की ग्रिड बदलण्याची पद्धत बदलून पाहण्याचा मोह होतो. परंतु गहाळ मूल्य हे गहाळ आहे, एवढे प्रोग्रामला कळत नसेल, तर कोणतीही पद्धत उपयोगाची नाही.

समजा, बायलिनिअर पद्धतीत, म्हणजे चार शेजारी बिंदूंची भारित सरासरी घेणाऱ्या पद्धतीत, नव्या बिंदूभोवतीच्या चार बिंदूंपैकी तीन समुद्रावर असून तेथे २८ अंश सेल्सिअस आहे आणि चौथा, ०.१ भाराचा, जमिनीवर आहे. जमिनीसाठी वापरलेला -९९९९ हा आकडा खरे मूल्य म्हणून वाचला गेला, तर उत्तर -९७४.७ येते आणि चूक नकाशावरच दिसते. कोणी आधीच तेथे शून्य भरून ठेवले असेल, तर मात्र उत्तर २५.२ येते. ते विश्वसनीय दिसते, म्हणूनच ते अधिक घातक. (हाच डेटा केल्विनमध्ये असता, तर शून्याची लबाडी लगेच उघडी पडली असती.) म्हणून ग्रिड बदलण्यापूर्वी मूळ फाइलमधील किमान-कमाल मूल्ये आणि फिल व्हॅल्यू (गहाळ जागी भरलेला ठरावीक आकडा) ताडून पाहावीत.

गहाळ जागा नॅन म्हणून नीट ओळखली गेल्यावर बायलिनिअरची अडचण उलटी होते: चारांतला एक बिंदू नॅन असला तरी उत्तर नॅन येते आणि किनारा समुद्राच्या दिशेने सरकतो. उरलेल्या भारांच्या बेरजेने भागल्यास, म्हणजे २५.२ ला ०.९ ने भागल्यास, २८ परत मिळतात. एक्सईएसएमएफ या ग्रिड बदलणाऱ्या पायथन साधनातील स्किपएनए हा पर्याय हेच करतो आणि किती प्रमाणात गहाळ बिंदू चालतील, याची मर्यादाही ठरवू देतो. ढगांमुळे दर वेळी बदलणाऱ्या उपग्रहीय डेटासाठी हा पर्याय स्थिर मास्कपेक्षा (कोणते बिंदू वगळायचे, हे कायमचे ठरवून ठेवणाऱ्या यादीपेक्षा) सरस आहे. जमीन-समुद्राची सीमा बदलत नसेल, तर मास्क पुरेसा असतो. नवा ग्रिड बराच जाड, म्हणजे मोठ्या चौकोनांचा, असेल, तर मात्र बायलिनिअर टाळावे, कारण ते चार शेजारी सोडून बाकी सगळ्यांकडे दुर्लक्ष करते.

पाऊस किंवा उष्णतेचा प्रवाह यांसारख्या, एकूण बेरीज टिकायला हवी अशा राशींसाठी क्षेत्रफळाच्या प्रमाणात मूल्ये वाटणारी कॉन्झर्व्हेटिव्ह पद्धतच घ्यावी. तिला पेशींच्या (ग्रिडच्या चौकोनांच्या) मध्यबिंदूंबरोबर त्यांच्या कडाही लागतात. खरी मेख सामान्यीकरणात, म्हणजे बेरजेला कशाने भागायचे यात, आहे. पेशीचा ६० टक्केच भाग वैध डेटाने झाकला असेल, तर संपूर्ण क्षेत्रफळाने भागल्यावर २८ अंशांचे १६.८ होतात, तर झाकलेल्या क्षेत्राने भागल्यावर २८ च राहतात. पहिल्या रीतीत बेरीज टिकते, दुसरीत स्थानिक मूल्य. सीडीओ हे हवामान-डेटा हाताळणारे साधन मुळात दुसरी रीत वापरते, तर एक्सईएसएमएफमध्ये साधे 'कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हटल्यास पहिली लागू होते, त्यामुळे दोन्हींची उत्तरे किनाऱ्यावर जुळली नाहीत तर गोंधळून जाऊ नये.

निअरेस्ट नेबर, म्हणजे सर्वांत जवळच्या बिंदूचे मूल्य उचलणे, मुख्यतः जमिनीचा वापर, मातीचा प्रकार अशा वर्गवारीच्या डेटासाठी. तापमानासाठी ते केवळ नॅन घालवण्याकरिता वापरू नये, कारण डेटा नसलेल्या प्रदेशातही दूरचे मूल्य आणून ठेवण्याची त्याची सवय असते.

काही नॅन मात्र डेटातून येतच नाहीत. मूळ रेखांश ० ते ३६० आणि नवे -१८० ते १८० असतील, तर साध्या आयताकृती इंटरपोलेशनमध्ये पश्चिम गोलार्ध पूर्ण रिकामा येतो. ग्रिड चक्राकार (शेवटचा रेखांश पहिल्याला जोडलेला) आहे, हे सांगायचे राहिले, तर मूळ रेखांश जिथे संपतात तिथे रिकाम्या बिंदूंची उभी पट्टी उमटते. वक्ररेषीय सागरी ग्रिडमध्ये तर जमिनीवरील अक्षांश-रेखांशच गहाळ असू शकतात. अशा वेळी पद्धत बदलून काही साधत नाही. सर्वत्र १ हे मूल्य असलेला, एकही गहाळ बिंदू नसलेला डेटा त्याच ग्रिडवरून, मास्क न लावता पाठवून पाहावा: जिथे १ येणार नाही, तिथे दोष निर्देशांकांचा, कडांचा किंवा व्याप्तीचा, आणि सगळीकडे १ आले, तर शोध गहाळ मूल्यांकडे आणि मास्ककडे वळवावा.