५२ हजारांचा हिरवा दिवा

आधीच सांगतो, लांबलचक झालंय, पण ज्याला कुणाला सेकंडहँड एव्हिएशन हेडसेट, म्हणजे विमान उडवताना कानाला लावायचा माइकवाला हेडफोन, घ्यायचाय त्याने शेवटपर्यंत वाचा. माझे ५२ हजार गेलेत, आणि वर लाजही गेली, कारण ज्या गोष्टीतलं मला चांगलं कळतं असं मी लोकांना सांगत फिरायचो त्याच गोष्टीत मी गंडलो. ती गोष्ट म्हणजे आवाज.

मी सोलापूरचा, पूर्व भागात वाढलेला, घरातच चार माग होते, म्हणजे पाळण्यात असल्यापासून धोट्याचा खडखडाट ऐकत मोठा झालो. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वडील साठीला आले तेव्हा टीव्ही इतका मोठा लावायचे की गल्लीतल्यांना फुकट बातम्या मिळायच्या, त्यामुळे कान जाणं म्हणजे काय ते मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. मागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो आणि छोट्या सिंगल इंजिन विमानाच्या कॉकपिटमध्येही साधारण तेवढाच असतो, फरक एवढाच की इथं खट् खट् आणि तिथं घूंऽऽऽ.

हो, विमान. पंचेचाळिशी ओलांडल्यावर मला हे खूळ लागलं. होटगी रोडचं विमानतळ लहानपणापासून बघतोय, वर्षानुवर्षं तिथं कुत्रीच पळायची, मग १५ जून २०२३ ला विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, मग ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, आणि मी त्या पहिल्या महिन्यातच बायकोला घेऊन गेलो आणि आलो. परत आल्यावर म्हणलं आता आपण शिकायचंच. पीपीएल म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्सला वरची वयाची अट नाही, मेडिकल पास व्हायला पाहिजे, परीक्षा द्यायच्या आणि किमान ४० तास उडवायचं. बारामतीचं फ्लाइंग स्कूल आपल्याकडून दीडशे किलोमीटर, इंदापूरवरून आत वळायचं, शनिवार-रविवार जाऊन येऊन करतोय. तिथं सगळी पोरं वीस-बावीसची, मला काका म्हणतात, माझे इन्स्ट्रक्टर सुद्धा काकाच म्हणतात आणि मी त्यांना सर म्हणतो.

शाळेचे हेडसेट असतात, हिरवे डेव्हिड क्लार्क, एच१०-१३.४, दणकट माल, पण दहा डोक्यांवरून फिरून आलेले, घामाचा वास, आणि डोकं असं आवळतात की तासाभरात कानाच्या वर ठणका लागतो. ते पॅसिव्ह असतात, म्हणजे नुसतं जाड कव्हर आणि उशी, कान झाकून आवाज अडवायचा, कागदावर २३ डेसिबल. दुसरे असतात एएनआर, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह नॉइज रिडक्शन, त्यात कानावरच्या कपाच्या आत एक बारका माइक असतो, तो आत शिरलेला आवाज ऐकतो आणि आतलं सर्किट बरोब्बर त्याची उलटी लाट काढून स्पीकरमधून सोडतं, लाटेवर लाट पडून इंजिनाची घरघर जिरते. खालच्या जाड आवाजावरच हे चांगलं चालतं, टाळी वाजवली किंवा धोटा आपटला तर ते थांबवत नाही. हे सगळं मी खरेदीच्या आधीच वाचलेलं होतं हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढं माझी अक्कल कुठं होती ते तुम्हीच सांगाल.

तर मला बोस ए२० पाहिजे होता. हे मॉडेल २०१० पासूनचं, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वजन, डोक्यावर आहे की नाही कळत नाही असं म्हणतात. २०२३ ला त्याचा पुढचा ए३० आला, त्यामुळे वापरलेले ए२० विकायला निघतात. नवीन घ्यायचा तर कस्टम वगैरे धरून लाखाच्या वर जातो आणि बायको म्हणाली होती, अहो लाखाचा हेडफोन? म्हणून मी जुना शोधत होतो. एकाच्या ओळखीने दुसरा, दुसऱ्याने एक नंबर पाठवला, तिकडून बोलणारा म्हणाला मी एअरलाइनमध्ये आहे, एअरबस ए३२० उडवतो, नवीन ए३० घेतला म्हणून हा काढतोय, ५५ सांगितले, ५२ ला तोडला. बोलणं एकदम गोड, दादा दादा करून, हवामान, रोस्टर, लेओव्हर, सगळे शब्द तोंडात. दहा हजार टोकन यूपीआयवर पाठवा म्हणाला, मी पाठवले, स्क्रीनवर नाव तिसऱ्याच कुणा बाईचं आलं, विचारलं तर मिसेसचं अकाउंट आहे म्हणाला. आपल्याकडं पण चादरीचं पेमेंट कधी वहिनीच्या, कधी मेव्हण्याच्या खात्यावरनं येतं, मला काय वाटणार त्यात.

मग म्हणाला मी स्वतः घेऊन येतो, रात्री हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला उतरतो, सकाळच्या वंदे भारतने परत, कारण परवा ड्युटी आहे. मला तेव्हा उलट बरं वाटलं, कुरिअर नाही, माणूस समोर येतोय. आता कळतंय की त्या टायमिंगमध्येच सगळी मेख होती. रात्री साडेदहाला स्टेशनजवळच्या एका लॉजच्या लॉबीत बसलो, तिथं इतकी शांतता की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्याने हेडसेट काढला, डबा बरा, दोन सेल घातले, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. मी कानाला लावला, मस्त दाबलं, सगळं गप्प झालं. अहो होणारच की, लॉबीच गप्प होती! कानात बारीक सूऽऽ असा आवाज येत होता, तो म्हणाला हेच ते एएनआर, चालू आहे म्हणून येतं. मग त्याने ब्लूटूथ जोडून गाणं लावलं, गाणं खणखणीत वाजलं आणि मी तिथंच खुश झालो, ब्लूटूथ लागलं म्हणजे ओरिजिनलच असणार असं माझ्या डोक्यात कुठून शिरलं देव जाणे. बेचाळीस हजार रोख मोजून दिले. बिल मागितलं तर ईमेलमध्ये आहे, पाठवतो.

आता ऐका. माझ्या कारखान्यात त्याच वेळी नाइट शिफ्ट चालू होती, वीस मिनिटांच्या अंतरावर जनरेटर घरघरत होता. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक टॉवेल हातात घेतलं की आधी कोपरा पाण्यात बुडवतं मग भाव विचारतं, आणि मी ५२ हजाराचा माल कोरडाच बघून घेतला.

पुढच्या शनिवारी बारामतीला. इंजिन चालू केलं, बटण दाबलं, दिवा लागला, आवाज तेवढाच. बंद केलं, चालू केलं, बंद केलं. मला वाटलं माझ्या चष्म्याची काडी उशीच्या खाली जाते तिथून आवाज शिरतोय, हे खरं पण आहे, जाड काडी असली की फट राहते, म्हणून चष्मा काढून बघितला. काही फरक नाही. पण खरं भांडं माइकनं फोडलं. मी बोललो तर सरांना इंटरकॉमवर माझा आवाज कुजबुजल्यासारखा आणि मागे इंजिनाची घरघर माझ्यापेक्षा मोठी. माइक ओठाला टेकवला तरी तेच. टॅक्सीच्या आधी, म्हणजे विमान जागेवरून हलवायच्या आधी, रेडिओ चेक मागितला, म्हणजे माझा आवाज कसा येतोय ते विचारलं, तर पलीकडून उत्तर आलं रीडेबिलिटी टू. पाचपैकी दोन, म्हणजे अधूनमधून शब्द कळतात इतकंच. सरांनी लगेच इंजिन बंद केलं. हे जमिनीवर झालं म्हणून मी आज हसत लिहितोय, सोलोला, म्हणजे एकटाच वर गेल्यावर झालं असतं तर?

सर म्हणाले, काका हा माणूस एअरबसवाला म्हणाला ना, मग त्याच्या हेडसेटला हे दोन पिन कसे? तेव्हा माझी ट्यूब पेटली. आपल्या छोट्या विमानांना दोन वेगळे प्लग लागतात, जाड पिन कानासाठी आणि थोडी बारीक माइकसाठी, आणि एअरबसच्या कॉकपिटला पाच पिनांचा एकच गोल प्लग असतो. अडॅप्टर असतात, पण त्याने अडॅप्टर दाखवला का? नाही. हेलिकॉप्टरचा अजून वेगळाच असतो, एकच प्लग. आमच्याच बॅचमधल्या एका पोराने जुन्या बाजारातनं मिलिटरी हेलिकॉप्टरचा हेडसेट घेतला होता, प्लग बदलून घेतला तरी चालेना, कारण त्या लष्करी मालाचं इम्पीडन्स, म्हणजे सर्किटचा विजेला होणारा विरोध, खूप कमी असतं, आठ-दहा ओहमच्या घरात, आणि आपल्या विमानांचं दीडशेच्या पुढं, माइक तर पूर्ण वेगळ्या जातीचा. त्यात फसवणूक नव्हती, त्याचंच अज्ञान, पण पैसे दोघांचेही गेले.

मग सरांनी स्वतःचा हेडसेट माझ्या कानावर चढवला, परत इंजिन चालू केलं आणि बटण दाबलं. इंजिन उचलून कुणीतरी शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवल्यासारखं झालं. एवढा फरक असतो. तो सांगावा लागत नाही, कळतोच.

सोलापूरला येऊन नवी पेठेत माझा मित्र मोबाइल रिपेअरिंग करतो त्याच्याकडं कप उघडायला दिला. आत काय असेल? एक स्वस्तातलं ब्लूटूथचं सर्किट, दोन साधे स्पीकर, आणि दिव्याची वायर एका रेझिस्टरमधून सरळ सेलला. कपाच्या आतला जो माइक म्हणालो तो नाहीच, जाळीच्या मागं नुसतं भोक. ऐकणाराच आत नाही तर उलटी लाट काढणार कोण? ती सूऽऽ पण ब्लूटूथच्या सर्किटचीच. बाहेरचा माइक कॉल सेंटरच्या हेडफोनचा निघाला. विमान माइकला ८ ते १६ व्होल्ट पुरवतं आणि खऱ्या माइकच्या आत त्यावर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, शिवाय तो पुढून-मागून दोन्हीकडून आवाज घेतो म्हणून लांबची घरघर आपोआप वजा होते. यात तसलं काही नव्हतं. डब्यावरचा सीरियल नंबर आणि हेडसेटवरचा नंबर पण जुळत नव्हते, आणि हे बघायला तर स्क्रू ड्रायव्हर पण लागत नव्हता.

त्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला दादा तुमचा स्टिरीओ-मोनोचा स्विच चुकीचा असेल. हे इतकं हुशारीचं उत्तर होतं की मी दोन मिनिटं परत विश्वास ठेवला, कारण असा स्विच खरंच असतो आणि मोनो विमानात तो स्टिरीओवर राहिला तर एका कानात काहीच येत नाही. पण माझे दोन्ही कान चालत होते, माइक आणि एएनआर नव्हतं. मग म्हणाला विमान जुनं असेल. मग ब्लॉक.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पोलिसांत अर्ज दिला. पण टोकन पाठवून नऊ दिवस झाले होते, तोवर ते पैसे खात्यातून पुढं गेले होते. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे अडकवता येतात म्हणाले, म्हणजे त्या बाईचं नाव बघून शंका आली त्याच रात्री करायला हवा होता. रोख बेचाळीसचा तर कागदच नाही. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं हे नेमकं काय असतं, मी समजावून सांगितलं, ते म्हणाले म्हणजे हेडफोनच ना? तिथं मला बायको आठवली. आपण ज्याला चारसोबीस म्हणायचो ते आता नवीन कायद्यात तीनशे अठरा झालंय हे पण तिथंच कळलं, तोंडात बसायला वेळ लागेल.

आता मी कसं बघतो ते सांगतो, सेकंडहँड घ्यायचाच असेल तर. विकणाऱ्याला सांगायचं, चालू इंजिनाशेजारी भेटू. विमानच पाहिजे असं नाही, जनरेटर चालेल, ट्रॅक्टर चालेल, एसटी स्टँडवर उभी घरघरणारी गाडी पण चालेल. बटण चालू-बंद करून बघायचं, घरघर खाली बसली पाहिजे. मागाच्या शेडमध्ये नको, तिथली खटखट खऱ्यालाही जिरत नाही आणि उगाच चांगला माल खोटा वाटेल. पण माइक मात्र विमानात लावल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे तुमच्या फ्लाइंग क्लबवर येऊन दे म्हणायचं, जो खरा आहे तो येतो, ज्याला सकाळची गाडी पकडायची घाई आहे त्याला जाऊ द्यायचं. आणि खरं सांगू का, मला आता वाटतं पहिल्या ४० तासांना तो हिरवा पॅसिव्हच बरा. सेल नाही, सर्किट नाही, नकली दिवा लावायला जागाच नाही. नवीन उशा मागवून शाळेच्याच हेडसेटला लावल्यात, वास गेला, ठणका आहे.

तो नकली कारखान्याच्या कपाटात पडलाय. मागांची दुरुस्ती बघणारे आमचे जॉबरमामा परवा म्हणाले, मालक, गाणी तर वाजतात की ओ त्यात, मला द्या, शेडमध्ये कानाला लावतो. म्हणलं मामा, देता येत नाही, पोलिसांनी पुरावा म्हणून सांभाळून ठेवायला सांगितलाय. सेल तेवढे काढून ठेवलेत.