पूर्ण क्लच सेट बदलून नऊ महिने झाले : वापरानंतरचा अनुभव

नऊ महिने आणि साडेअकरा हजार किलोमीटर झाले, म्हणून आता खात्रीने लिहितोय. गाडी पेट्रोलची, पाच गिअरची, क्लच केबलचा. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटणारं रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट टाकला. सोबत इंजिनाचं मागचं ऑईल सील आणि केबलही बदलली, फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली जड चकती, जिच्यावर प्लेट दाबली जाते) लेथवर साफ करून घेतलं. पेडल अजून पहिल्या दिवसाइतकंच हलकं आहे. भरलेली गाडी चढावर थरथर न करता उचलते.

खरं तर हा खर्च टळला असता. त्याच्या चारच महिने आधी नुसती क्लच प्लेट बदलली होती. तेव्हा चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, पण गाडी वेग घ्यायची नाही. नव्या प्लेटवर दोन महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. घाट लागला की जळका वास.

दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी शेजारी उभा राहिलो आणि काढलेली प्लेट हातात घेतली. लायनिंग, म्हणजे प्लेटवरचा घर्षणाचा थर, चांगलं जाड होतं, ते धरून ठेवणारे रिव्हेट पृष्ठभागापासून अजून खोल. म्हणजे प्लेट झिजलीच नव्हती! पण लायनिंग एका बाजूने काळं, चकचकीत पडलेलं, बोट फिरवलं तर तेलकट. फ्लायव्हीलवर तापून उठलेले निळसर डाग. क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गळत होतं आणि ते ऑईल थेट प्लेटवर येत होतं. अशा जागी कितीही चांगली प्लेट टाका, ती घसरणारच. गिअरबॉक्स उतरलेला असताना सील बघायला दोन मिनिटं लागतात, आणि पहिल्या वेळी ती कुणी दिली नाहीत याचा मला अजून राग येतो.

दुसरं कारण पेडलमध्ये सापडलं. फ्री प्ले अजिबात उरला नव्हता. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तसा हा मोकळा खेळ कमी होतो. तो शून्यावर आला की पाय काढलेला असतानाही बेअरिंग प्रेशर प्लेटला रेटत राहतं, पकड सैल होते. वेळेवर ॲडजस्ट केलं तर हे होत नाही. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवणं आणि चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरणं, याचाही परिणाम तोच. सिग्नलला मी आता न्यूट्रल करतो, चढावर हँडब्रेक वापरतो.

रिलीज बेअरिंगचंही सांगतो. पेडल दाबल्यावर खरखर येत होती आणि सोडलं की थांबत होती, म्हणजे बिघाड त्यातच होता. याउलट सोडल्यावर आवाज येत असेल तर आधी गिअरबॉक्समधलं बेअरिंग तपासायला सांगा.

रिव्हर्स टाकताना खरखरत असेल तर मात्र प्लेटवर लगेच संशय घेऊ नका. क्लच पूर्ण सुटत नसतो, आणि बऱ्याचदा त्याला ताणून लांबलेली केबल पुरेशी असते. हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणारा) क्लच असेल तर फ्लुइडची गळती किंवा लाइनमध्ये शिरलेली हवा. पेडल स्पंजासारखं लागतं आणि दोन-तीनदा दाबलं की थोडं सुधारतं.

नव्या सेटबद्दल तक्रार एकच. सकाळी पहिल्यांदा गाडी उचलताना किंचित कंप जाणवतो, गरम झाल्यावर जातो. गेल्याच आठवड्यात खालून टॉर्च मारून पाहिलं, बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं आवरण) कोरडं आहे.