नौपाड्यातली जुन्या बंदुकांची नोंद-तपासणी: वाचन चोख, इतिहास ढिला

जुन्या बंदुकीवरचे ठसे आणि नंबर वाचून इथे रिपोर्ट देतात. लायसन्सवरची ली-एनफिल्ड (ब्रिटिशकालीन लष्करी रायफल) घेऊन जायची गरज नाही, फोटो चालतात. पण टॉर्च तिरका धरूनच काढा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. उथळ ठसे गेले की गेलेच. पुसट अंकात खडू भरला तर वाचता येतात.

इथलं वाचन चोख आहे. बोल्टच्या दांड्यामागच्या पट्टीवरचा मुकुट, राजचिन्ह, कारखाना, साल आणि 'एसएचटी एल ई' (म्हणजे शॉर्ट ली-एनफिल्ड) नीट उतरवतात. बोल्ट, बॅरल, बॉडी, नोजकॅप (नळीच्या टोकाची टोपी) या चारही ठिकाणचे नंबर ताडून पाहतात. बोल्टचा नंबर वेगळा निघाला तर तो बदललेला आहे, हेही स्पष्ट लिहितात. नंबरचं अक्षर सुटलं तर सगळं मुसळ केरात, कारण तेच आकडे वेगवेगळ्या कारखान्यांत पुन्हा पुन्हा पडले आहेत.

पटलं नाही ते एवढंच: रिपोर्टात नुसत्या नंबरवरून पलटणीचं नाव ठोकून दिलंय. पलटण दस्त्यावरच्या पितळी चकतीवरून कळते, आणि ती 1916 मध्ये बंद झाली. कोल्ट या अमेरिकन कंपनीच्या बंदुकांचं मात्र वेगळं, तिथे कारखान्याचं पत्रच मिळतं. पलटणीच्या रकान्याचे पैसे देऊ नका.