पोलिस डॉट यूके : परदेशात घर ठरवण्यापूर्वी पाहण्याजोगा गुन्हे-नकाशा

मुलीला बर्मिंगहॅम विद्यापीठात एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आणि सेली ओक भागातील दोन घरांपैकी एक आठवडाभरात पक्के करा, असा तिथल्या दलालाचा निरोप आला, तेव्हा आमच्या हाती घरांची छायाचित्रे आणि 'एरिया एकदम सेफ आहे' हे त्याचे वाक्य, एवढेच होते. पुण्यात भाड्याचे घर पाहताना पाणी किती वाजता येते, खाली वॉचमन असतो का, शेजारी कोण राहते, हे आपण स्वतः जाऊन विचारतो. सात हजार किलोमीटरांवरून ते जमत नाही. म्हणून त्या आठवड्यात मी रोज रात्री ब्रिटनमधील पोलिसांचे 'पोलिस डॉट यूके' हे संकेतस्थळ उघडून बसत असे.

सेवा विनामूल्य आहे, नोंदणी करावी लागत नाही आणि भारतातूनही ती नीट चालते. पोस्टकोड (तिथला पिनकोड) टाकला की त्या परिसराचा नकाशा उघडतो आणि निवडलेल्या महिन्यात नोंदवलेले गुन्हे आकडे लिहिलेल्या वर्तुळांच्या रूपात दिसतात. नकाशा जवळ आणत गेलो की मोठे वर्तुळ फुटून लहान लहान वर्तुळे होतात आणि शेवटी 'सुपरमार्केटवर किंवा जवळ', 'पार्किंगवर किंवा जवळ' अशा नोंदी उरतात. 2011 च्या सुरुवातीला हा नकाशा खुला झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी इतकी गर्दी लोटली की संकेतस्थळ कोलमडले होते. आपल्याकडे 'क्राइम इन इंडिया' हा एनसीआरबीचा (केंद्र सरकारच्या गुन्हे नोंदणी विभागाचा) वार्षिक अहवाल जिल्हा आणि महानगर यांच्या पातळीवर थांबतो. कोथरूड आणि हडपसर यांतला फरक त्यातून कळत नाही. त्यामुळे गल्लीगल्लीचे आकडे समोर दिसले की आपण हरखून जातो, आणि नेमकी तिथेच फसगत होते.

मीही पहिल्या रात्री दोन्ही घरांच्या रस्त्यांवरची वर्तुळे मोजली आणि कमी आकड्याचे घर मनोमन निवडून टाकले. दुसऱ्या रात्री माहितीचे पान वाचल्यावर कळले की गुन्ह्याची खरी जागा नकाशावर दाखवतच नाहीत. पीडितांची ओळख उघड होऊ नये म्हणून आधीच ठरवलेले साडेसात लाखांहून अधिक बिंदू आहेत आणि प्रत्येक गुन्हा सर्वांत जवळच्या बिंदूवर नेऊन ठेवला जातो. हे बिंदू असे निवडलेले आहेत की प्रत्येकाच्या परिघात किमान आठ पत्ते असावेत किंवा एकही नसावा. म्हणजे शेजारच्या गल्लीतली घरफोडी आमच्या गल्लीच्या नावावर लागू शकते. दोन रस्त्यांची तुलना करण्यासाठी हा नकाशा वापरू नये, दोन परिसरांची करण्यासाठी जरूर वापरावा, असे माझे मत त्या रात्री झाले आणि ते आजही तसेच आहे.

आकड्यापेक्षा प्रकार पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. नोंदींचे चौदा प्रकार आहेत आणि त्यांत 'हिंसा व लैंगिक गुन्हे' हा प्रकार आईवडिलांची झोप उडवणारा आहे. परंतु धमकीचे संदेश, पाठलाग, किरकोळ मारहाण येथपासून अत्यंत गंभीर गुन्ह्यांपर्यंत सारे त्या एकाच डब्यात टाकलेले असते आणि नकाशावरून ते वेगळे काढता येत नाही. 'समाजविघातक वर्तन' या शीर्षकाखालीही रात्रीचा दंगा आणि शेजाऱ्यांचा उपद्रव यांच्या तक्रारी येतात. उलट घरफोडी, सायकलचोरी आणि 'व्यक्तीकडून चोरी' हे प्रकार स्पष्ट आहेत. यांतला शेवटचा म्हणजे खिसा मारणे किंवा बळ न वापरता हातातला फोन पळवणे, आणि बळ किंवा धाक वापरला की तीच गोष्ट 'लूट' या वेगळ्या प्रकारात जाते. एकट्या फिरणाऱ्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

या सेवेची सर्वांत मोठी उणीव मात्र मला वेळेची वाटते. नोंदीत महिना असतो. दिवस नाही, तासही नाही. ग्रंथालयातून रात्री अकराला परतणाऱ्या मुलीने ब्रिस्टल रोडने यावे की आतल्या गल्लीतून, हे यातून कळणार नाही. शिवाय विद्यार्थ्यांची वस्ती उन्हाळ्यात ओस पडते, तेव्हा केवळ जुलै-ऑगस्ट पाहून समाधान मानू नये. किमान बारा महिने चाळावेत. दर लोकसंख्येमागे काढलेले प्रमाणही जपून वाचावे, कारण लंडनच्या 'सिटी' भागात रहिवासी काही हजार आहेत आणि कामाला येणारे काही लाख. तिथले प्रमाण हास्यास्पद निघते.

मूल एडिनबरा किंवा ग्लासगोला जाणार असेल, तर हा नकाशा उपयोगाचा नाही. तो इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडपुरता आहे. मँचेस्टरकडे जाणाऱ्यांनीही सावध असावे, कारण ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी 2019 च्या मध्यात संगणकप्रणाली बदलल्यानंतर तिथली माहिती दीर्घकाळ येत नव्हती आणि रिकामा नकाशा म्हणजे शांत शहर नव्हे.

एक पान मात्र बहुतेक जण उघडतच नाहीत आणि मला तेच सर्वांत आवडले. प्रत्येक परिसराच्या पोलिस पथकाची माहिती, त्यांनी सध्या हाती घेतलेले प्रश्न आणि नागरिकांच्या बैठकांच्या तारखा तिथे असतात. आकडे आपण लावू तसे लागतात. पथकाने घरफोडी हा प्रश्न हाती घेतला असेल, तर त्याचा अर्थ लावत बसावे लागत नाही.

शेवटी आम्ही दोन्ही घरमालकांना दलालामार्फत सारखेच प्रश्न पाठवले : तळमजल्याच्या खिडक्यांना कुलूप आहे का, मागच्या दाराला कोणती कडी आहे, सायकल कुठे ठेवायची. एकाकडून 'काळजी नसावी' एवढेच उत्तर आले. दुसऱ्याने त्याच संध्याकाळी मागच्या दाराच्या कुलपाची तीन छायाचित्रे पाठवली, आणि मुलगी आता तिथे राहते.