'रॉ' आधी कानांनी बघा

'मंडे नाईट रॉ' हा डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीचा कुस्तीचा साप्ताहिक कार्यक्रम बघणार असाल तर मोबाईलवर बघू नका. टीव्हीला बरे स्पीकर जोडा, ते नसतील तर हेडफोन लावा. मी व्यावसायिक नाटकांचं पार्श्वसंगीत ऑपरेट करतो. संगीतकार रचून देतात, प्रयोगात ते वाजवायचं काम माझं. नटाने विंगेतून पाय बाहेर टाकला की त्याच क्षणी आवाज यायला हवा. जरा उशीर झाला की एन्ट्रीची टाळी गेली. आमचे प्रयोग बहुतेक शुक्रवार ते रविवार, मंगळवार मोकळा. अमेरिकेतल्या सोमवार रात्रीचा हा कार्यक्रम आपल्याकडे मंगळवारी उजाडताना लागतो. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला, तिकडची घड्याळं बदलली की साडेसहाला. एप्रिल 2025 पासून भारतात तो नेटफ्लिक्सवर आहे, त्यामुळे पहाटे उठायची सक्तीही नाही. मी मात्र उठतो. निकाल आधी कानावर पडला की निम्मी गंमत जाते.

निकाल ठरलेला असतो हे जगजाहीर आहे. नाटकाचाही ठरलेलाच असतो. तरी पहिल्या रांगेतला माणूस तिसऱ्या अंकात खुर्चीच्या कडेवर येतो, तो कसा येतो हा माझ्या धंद्याचा प्रश्न आहे आणि 'रॉ' मी त्याच नजरेने बघतो. कुस्ती म्हणून बघायला बसाल तर निराश व्हाल. खासबागेतल्या मातीत कोण चितपट होणार हे कुणालाच ठाऊक नसतं, तिथली धडधड वेगळी. पण आपल्याकडेही हा प्रकार नवा नाही. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंगांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना तोबा गर्दी व्हायची, हे मुंबईतल्या जुन्या माणसांना आजही आठवतं.

आता आवाजाकडे येतो. स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनच्या एन्ट्रीला आधी काच फुटते. अंडरटेकरच्या एन्ट्रीला घंटेचा एक टोल पडतो. सुरावट मागाहून येते. रिंगमध्ये कुणीतरी माईकवर बोलतंय, हजारो लोक एकाच वेळी ओरडताहेत, आणि त्या गोंगाटातून शेवटच्या रांगेतल्या माणसाला अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे की कोण आलंय. तिथे सूर चालत नाही, आघात लागतो. ज्याने हे आवाज निवडले त्याला रंगभूमी कळते.

रिंगही वाजते. डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग वीस फूट बाय वीस फूट. खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. फळ्यांखाली माईक लावलेले असतात. माणूस पाठीवर आदळल्यावर घरात जो 'धाड' ऐकू येतो तो त्या फळ्यांचा. लाथ बसल्यावर येणारा 'चट्' बऱ्याचदा मारणाऱ्याने स्वतःच्याच मांडीवर मारलेल्या थापेचा असतो. हे कळल्याने माझा आनंद वाढतो. शंभर किलोचा माणूस एका पायावर गर्रकन फिरतो, समोरच्याच्या हनुवटीजवळ पायाचा तळवा नेऊन थांबवतो आणि त्याच क्षणी मांडीवर थाप देतो, तीही कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. आणि सगळंच लटकं असतं असंही नाही. ऑस्ट्रियाचा गुंथर समोरच्याच्या छातीवर उघड्या पंजाने फटके मारतो. दहा मिनिटांत ती छाती लालबुंद होते आणि तो आवाज कुठल्याही मांडीतून येत नाही.

'रॉ'चा पहिला भाग 11 जानेवारी 1993 ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमधून झाला. छोटं सभागृह, एक तासाचा कार्यक्रम. जुन्या चित्रफिती बघितल्या की जाणवतं, लोक रिंगच्या किती जवळ होते. पुढे 1995 च्या सप्टेंबरात डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीने 'नायट्रो' काढलं आणि दर सोमवारी दोन्ही कार्यक्रम समोरासमोर भिडायला लागले. त्या काळातला एक किस्सा मी आमच्या तरुण पोरांना नेहमी सांगतो. 4 जानेवारी 1999 च्या 'रॉ'मध्ये मॅनकाइंड नावाचा पैलवान जिंकणार होता, तो भाग आधीच चित्रित झालेला होता. तिकडे 'नायट्रो'च्या समालोचकाने तो निकाल मुद्दाम फोडला आणि वर कुत्सितपणे म्हणाला की याने मोठी गर्दी खेचली जाईल. प्रेक्षकांनी चॅनेल बदलून 'रॉ' लावलं. निकाल कळलेला असतानाही त्यांना तो माणूस जिंकताना बघायचा होता. त्या माणसावर त्यांचा जीव होता.

2001 च्या मार्चमध्ये 'नायट्रो' बंद पडलं आणि 'रॉ'ला स्पर्धक उरला नाही. 2012 च्या जुलैपासून कार्यक्रम तीन तासांचा केला. ती वर्षं फार जड गेली. दोन अंकी नाटक ओढूनताणून चार अंकी केल्यावर जे होतं तेच झालं: तेच तेच बोलणं, त्याच त्या जोड्या, मधल्या तासात सभागृह निपचित. 6 जानेवारी 2025 ला कॅलिफोर्नियातल्या इंटुइट डोममधून तिकडे नेटफ्लिक्सवर सुरुवात झाली आणि वेळ लवचीक झाली. कधी दोन तास, कधी अडीच. एवढ्या एका बदलाने कार्यक्रम पुन्हा ताठ उभा राहिला.

या कार्यक्रमाचा खरा गुण मी एकच मानतो: सभागृह काय म्हणतंय ते जेव्हा ऐकलं जातं, तेव्हा याच्या तोडीचं जिवंत नाट्य टीव्हीवर दुसरं नाही. जे उसोचं बघा. वर्षानुवर्षं हा जुळ्या भावांच्या जोडीतला अर्धा होता आणि दोघे भाऊ रोमन रेन्स या नातेवाइकाच्या सावलीत. मग तो एकटा यायला लागला, थेट पब्लिकमधून. गाणं सुरू झालं की अख्खं सभागृह दोन्ही हात वर-खाली हलवायला लागतं. युरोपातल्या कार्यक्रमांत हे बघताना मी आवाज आणखी वाढवतो. तिथली पब्लिक गाणं स्वतःच घेऊन टाकते. कसबी पैलवान म्हणून जे गुंथरच्या जवळपासही नाही. पण लोकांनी ठरवलं आणि कथानकं ठरवणारा पॉल लेव्हेक, म्हणजे आपला जुना पैलवान ट्रिपल एच, याने ते ऐकलं. 1 फेब्रुवारी 2025 ला इंडियानापोलिसमध्ये जेने शेवटी जॉन सीनाला रिंगबाहेर टाकून रॉयल रम्बल ही तीस जणांची लढत जिंकली आणि 19 एप्रिलला लास व्हेगासमध्ये रेसलमेनिया या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात गुंथरला हरवून विजेतेपदाचा पट्टा घेतला. दुय्यम भूमिकेतल्या नटाला टाळ्या पडतात म्हणून निर्माता पुढच्या प्रयोगांत त्याचा प्रवेश वाढवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फरक इतकाच की इथे अख्खं कथानक वळवलं. 9 जूनच्या 'रॉ'मध्ये फिनिक्सला गुंथरने पट्टा परत घेतला. मोठ्या कार्यक्रमासाठी राखून न ठेवता साध्या सोमवारी एवढा निकाल दिला, हेही मला आवडलं. साप्ताहिक प्रयोगाची इभ्रत त्याने राहते.

लक्षात राहिलेला आणखी एक भाग 17 मार्च 2025 चा, ब्रसेल्सचा. 1 मार्चला टोरांटोमध्ये जॉन सीनाने कोडी रोड्सला दगा देऊन खलनायकाची बाजू घेतली होती. वीसेक वर्षं पोराटोरांचा लाडका नायक. ब्रसेल्सला तो पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि उभाच राहिला. लोक गात होते, शिव्या देत होते, तो माईक तोंडाजवळ न्यायचा आणि परत खाली घ्यायचा. त्या शांततेची लांबी मोजून बघा. पॉझ एवढा ताणायला छातीत दम लागतो. नाटकात नट तीन सेकंद थांबला तरी मला बूथमध्ये घाम फुटतो, वाटतं वाक्य विसरला की काय. इथे टीव्हीवर, थेट प्रक्षेपणात, हा माणूस हजारो लोकांच्या गोंगाटाशी एक अक्षर न बोलता भांडत होता. मग बोलला तेव्हा त्याची तक्रार प्रेक्षकांबद्दलच होती: तुम्ही मला पंचवीस वर्षं वापरलंत. सभागृहालाच पात्र केलं.

आणि पुढे त्याच कथानकाची माती झाली. टोरांटोमध्ये सीनाला फितवणारा होता द रॉक. मूळ कट त्याचा. तो नंतर त्या कथेत आलाच नाही, रेसलमेनियालाही नाही. ऑगस्टमध्ये सीना पुन्हा चांगला झाला, तोही धड कारण न देता. पहिल्या अंकात एवढं मोठं पात्र उभं करायचं आणि पुढे त्याचं नावही घ्यायचं नाही, हा लेखनातला गुन्हा आहे. तारखा मिळाल्या नसतील, कबूल. मग कथेत तसं सांगा. मायबाप प्रेक्षक समजून घेतात.

सेथ रॉलिन्सच्या बाबतीत मात्र लेखकांना मानलं. जुलै 2025 मध्ये त्याचा गुडघा गेला असं दाखवलं. आठवड्यांमागून आठवडे कुबड्या. ऑगस्टच्या 2 तारखेला सीएम पंकने गुंथरकडून पट्टा जिंकला, तो दमून उभा होता, तेवढ्यात रॉलिन्स कुबड्यांवर आला, त्या टाकून दिल्या, कधीही लढत मागायचा आधी जिंकलेला हक्क वापरला आणि काही क्षणांत पट्टा घेऊन गेला. माझी लेक सोफ्यावरून उडाली. पुढे ऑक्टोबरात पर्थमध्ये रॉलिन्सचा खांदा खरोखरच दुखावला. दोन दिवसांनी, 13 तारखेला, त्याच पर्थमधून 'रॉ' होतं. त्या भागात त्याच्याच टोळीतल्या ब्रॉन ब्रेकर आणि ब्रॉन्सन रीडने त्याला झोडपून बाहेर काढलं, आणि त्याचा सल्लागार पॉल हेमन त्यांच्या बाजूने उभा राहिला. महिनोन्महिने पुढचं ठरलेलं सगळं दोन दिवसांत बदललं आणि टाके कुठे घातलेत ते दिसलं नाही. दौऱ्यावर मुख्य नट आजारी पडला की आमच्याकडे काय धावपळ होते ते माहीत असल्याने मी हे बघताना उभा राहिलो होतो.

लेक आठवीत आहे आणि इयो स्कायची भक्त आहे. तिला मी सांगितलं की 2015 च्या फेब्रुवारीत 'रॉ'मध्ये बायकांची एक लढत तीस सेकंदांत गुंडाळली होती आणि लोकांनी इंटरनेटवर एवढा आरडाओरडा केला की कंपनीला ऐकावं लागलं. तिचा विश्वास बसेना. 3 मार्च 2025 ला बफेलोमध्ये इयोने रिया रिप्लीकडून जागतिक पट्टा जिंकला ती लढत तिने आणि मी नंतर पुन्हा लावून बघितली. रिया आडदांड, इयो चणीने लहान. पण इयो वरच्या दोरावरून उलटी फिरत येते तेव्हा उतरण्याची जागा एका वितीनेही चुकत नाही. वर्षभरातल्या 'रॉ'मधली माझी सर्वांत आवडती लढत हीच.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या दर आठवड्याला खटकतात. मुख्य लढत रंगात येते आणि कुणीतरी तिसरा येऊन ढवळाढवळ करतो, निकाल लागतच नाही. एखाद्या वेळी ठीक. सवय लागली की प्रेक्षक लढतीकडे बघायचं सोडून प्रवेशद्वाराकडे बघत बसतो. कॅनव्हासवर आता जाहिराती छापलेल्या असतात, पडलेल्या माणसाचा चेहरा कुठल्यातरी ब्रँडवर टेकलेला दिसतो. ते मला सहन होत नाही, नेपथ्यावर बोर्ड लावल्यासारखं वाटतं. लढतींचा आराखडाही अजून जुन्या ब्रेकच्या हिशेबाने बेतलेला आहे. खलनायक नायकाला रिंगबाहेर फेकतो, ब्रेक, परत येतो तेव्हा खलनायकच वरचढ. दोन-तीन महिने बघितलंत की तुम्ही घड्याळ न बघता ब्रेकची वेळ सांगाल. शिवाय मागच्या आठवड्याची उजळणी फार असते.

लहान मुलं घरात असतील तर सोबत बसा. हे लोक वर्षानुवर्षं पडायला शिकतात आणि तरी त्यांचे खांदे, गुडघे, माना जातात. मुलांना पंचाकडे बघायला शिकवा. त्याच्या कानात यंत्र असतं, आतून आलेली वेळ आणि सूचना तोच पैलवानांना कुजबुजून सांगतो, आणि कुणी खरंच जखमी झालं तर तो दोन्ही हात वर करून फुली दाखवतो. माझी लेक आता पंच खाली वाकला की म्हणते, "बाबा, बघा, निरोप दिला." प्रॉम्प्टर रंगमंचावर, सगळ्यांसमोर, आणि कुणाला दिसत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मधलाच कुठला तरी सोमवार उचलू नये. रेसलमेनियाच्या लगेच नंतरचा भाग घ्या. तेव्हा जुनी भांडणं मिटलेली असतात, नवी सुरू होतात, आणि जगभरातून आलेली पब्लिक अजून त्याच गावात असते. समालोचकांची बडबड सुरुवातीला डोक्यावरून जाईल, जाऊ द्या. लोक कुणासाठी उठताहेत आणि कुणाच्या वेळी पाणी प्यायला जाताहेत एवढंच ऐका. महिन्याभरात कुणाचा प्रवेश वाढणार ते तुम्हाला कळायला लागेल.